दिवा विझला, हवेचे काय?

(तृतीय वर्ष कला)

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात कविता असावी, ललित निबंध असावा, फार तर एखादे प्रवासवर्णन असावे, ही आपली रूढ समजूत. तेथे कोणी मोटारीच्या टायरमधील हवेविषयी लिहू लागले तर वाचक पान उलटणारच. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. वरवर पाहता तो यंत्राचा आहे. वस्तुतः तो खुणेचा आणि तिच्या अर्थाचा आहे, आणि भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान शिकणाऱ्या आपल्यासारख्यांचा अर्थाशी संबंध नाही असे कोण म्हणेल? खूण पुसली की तिने सांगितलेली गोष्टही नाहीशी झाली, अशी सोयीस्कर समजूत आपण अनेक ठिकाणी करून घेतो. मोटारीच्या बाबतीत ती समजूत जिवावर बेतू शकते.

अलीकडच्या बऱ्याच मोटारींच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा असतो. घोड्याच्या नालासारखी आकृती, खालची बाजू दातेरी आणि मध्ये उद्गारचिन्ह. टायर आडवा कापून पाहिला तर जसा दिसेल तशी ती आकृती आहे. एखाद्या टायरमधील हवा ठरलेल्या दाबापेक्षा बरीच कमी झाली की हा दिवा लागतो. तो लागला म्हणजे गाडीतील माणसे काय विचारतात? ‘हवा किती उरली आहे?’ असे विचारणारे थोडे. ‘हा दिवा घालवायचा कसा?’ असे विचारणारे पुष्कळ. बहुतेक गाड्यांत तो घालवण्याची सोयही असते. कोठे स्टिअरिंगखाली एक बटण असते, कोठे पडद्यावरच्या यादीत तशी आज्ञा असते. इंग्रजीत तिला ‘रीसेट’ म्हणतात. हे बटण दाबायला फारसे कष्ट पडत नाहीत. म्हणूनच त्याचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

हा दिवा दोन प्रकारांनी चालतो. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्व्हच्या बुडाशी, एक लहानसे संवेदक यंत्र बसवलेले असते. ते आतला दाब मोजते आणि रेडिओ लहरींवरून गाडीला कळवते. त्याची बॅटरी साधारणपणे पाच ते दहा वर्षे टिकते; ती संपली की बहुधा सगळे यंत्रच बदलावे लागते. दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसते. ब्रेक लावताना चाके घसरू नयेत म्हणून जी यंत्रणा बसवलेली असते, ती प्रत्येक चाकाचा वेग मोजतच असते. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते आणि त्यामुळे तेवढ्याच अंतरात किंचित जास्त फिरते. गाडी या फरकावरून अनुमान काढते. धुरावरून अग्नीचे अनुमान करणारा आपला न्यायशास्त्रातला माणूस आणि ही मोटार, दोघांची रीत एकच.

आता अनुमानाला आधी काहीतरी ठाऊक असावे लागते. चाक ‘जास्त’ फिरले म्हणजे कशापेक्षा जास्त? हे गाडीला सांगणारा माणूस असतो आणि तो ते बटण दाबूनच सांगतो. बटण दाबले की गाडी त्या क्षणाची स्थिती ‘योग्य’ म्हणून गृहीत धरते, पुढे काही वेळ चालताना चाकांचे फिरणे शिकून घेते आणि पुढील सर्व तुलना त्या नोंदीशी करते. चाकात संवेदक असलेल्या काही गाड्यांतही हीच पद्धत आहे. अनेक टोयोटा गाड्यांत दिवा तीनदा सावकाश लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरायचे असते. त्या वेळी टायरमध्ये जो दाब असेल तोच पुढे प्रमाण मानला जातो. म्हणजे हवा न भरता हे बटण दाबणाऱ्याने केवळ दिवा विझवला असे होत नाही. त्याने गाडीला चुकीचे शिकवले. बावीस पौंड हवा असताना ‘हेच बरोबर’ असे तिला सांगितले, तर त्या बावीसवरूनही बरीच उतरेपर्यंत ती बिचारी गप्प राहील.

म्हणून माझे म्हणणे असे की, या बटणाला खोडरबर समजू नये. त्याला सही समजावे. बटण दाबणारा माणूस ‘चारही चाके मी पाहिली आहेत, हवा बरोबर आहे’ या विधानाखाली सही करतो. वर्गात न बसलेल्या मित्राची हजेरी लावणारेही एक सहीच करतात. पण तेथे नुकसान झालेच तर त्या मित्राच्या अभ्यासाचे होते. येथे गाडीत बसलेल्या पाचजणांचे आणि समोरून येणाऱ्या अनोळखी माणसांचेही होऊ शकते.

हा दिवा काही मोटार कंपन्यांच्या हौसेतून घरोघर पोचलेला नाही. १९८६ साली पोर्श कंपनीच्या ९५९ या महागड्या गाडीत अशी यंत्रणा आली, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. ती सक्तीची झाली ती अमेरिकेत, आणि त्यामागे मृत्यू आहेत. १९९० नंतरच्या दशकात तेथे फोर्ड कंपनीच्या एक्स्प्लोरर गाड्यांवरील फायरस्टोन टायरांचे धावपट्टे भर वेगात सुटून येऊ लागले आणि उंच बांध्याच्या त्या गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. दोनशेहून अधिक माणसे तोवर व त्यानंतर दगावल्याची नोंद झाली. मोटार कंपनी टायरकडे बोट दाखवी आणि टायर कंपनी मोटारीकडे. या वादात हवेचा दाब हा एक मोठा मुद्दा होता. फोर्डने त्या गाडीसाठी २६ पौंड दाब सांगितला होता. फायरस्टोनचे म्हणणे ३० असावा असे होते. चार पौंडांचा फरक तो काय, असे आपण म्हणू. परंतु कमी हवेचा टायर रस्त्यावर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, दबून तापतो, आणि तापलेले रबर आतल्या पोलादी तारांची पकड सोडू लागते. त्यात वेग, ओझे आणि उन्हाळा यांची भर पडली म्हणजे काय होते ते टेक्सास, फ्लोरिडासारख्या उष्ण राज्यांनी पाहिले.

१ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेत त्यासंबंधीचा कायदा झाला. त्याखाली निघालेल्या पहिल्या नियमात एक पळवाट होती : चारही चाकांवर लक्ष न ठेवणारी, एकाच चाकाची हवा उतरली तर ओळखणारी यंत्रणाही चालेल, असे त्यात म्हटले होते. ग्राहकांच्या बाजूने लढणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या आणि २००३ मध्ये अपील न्यायालयाने ती पळवाट रद्द केली. मग २००५ साली नवा नियम आला आणि सप्टेंबर २००७ पासून तेथे बनणाऱ्या सर्व हलक्या मोटारींना हा दिवा सक्तीचा झाला. हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाली तर वीस मिनिटांच्या आत दिवा लागला पाहिजे, अशी त्यात अट आहे. युरोपात सर्व नव्या मोटारींना तो नोव्हेंबर २०१४ पासून आवश्यक झाला. इतका खटाटोप करून, इतक्या प्रेतांवरून चालत आलेली ही खूण आपण एका बोटाने पुसून टाकतो, तेव्हा निदान ती कोठून आली हे तरी आपल्याला ठाऊक असावे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. लोक म्हणतात, ‘हा दिवा उगाचच लागतो. थंडी पडली की लागतो. त्याकडे किती लक्ष द्यायचे?’ हिशेब करून पाहू. मे महिन्याच्या दुपारी, हवेचे तपमान ३८ अंश असताना, कोणी नाशकात उभ्या गाडीत ३३ पौंड हवा भरली. डिसेंबरच्या पहाटे तेथे पारा १० अंशांवर आला. थंडीने हवा आकुंचन पावते. तेवढ्याने दाब चारेक पौंड उतरेल, म्हणजे २९ च्या आसपास राहील. पण दिवा लागायला २५ टक्के, म्हणजे आठ पौंड घट हवी. उरलेले चार पौंड कोठे गेले? चांगल्या टायरमधूनही महिन्याला सुमारे एक पौंड हवा आपसूक झिरपत असते. मे ते डिसेंबर सात महिने झाले. म्हणजे दिवा नुसत्या थंडीने लागला नाही. उन्हाळ्यापासून कोणी हवा पाहिलीच नाही म्हणून लागला. थंडीने फक्त शेवटचा धक्का दिला. आणि थंडीने उतरलेला दाबही खोटा नसतो. टायरला तो कमीच असतो. उपाय पुन्हा एकच, हवा भरणे.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मान्य केला पाहिजे. हा दिवा फार मितभाषी आहे. अनेक गाड्यांत तो कोणत्या चाकात किती हवा कमी आहे ते सांगत नाही. संवेदकाची बॅटरी संपली तरी त्याच आकृतीचा दिवा लागतो. अमेरिकी नियमाप्रमाणे त्या वेळी तो आधी मिनिटभर, फार तर दीड मिनिट लुकलुकतो आणि मग स्थिर राहतो. हा भेद किती चालकांना ठाऊक असेल? शिवाय २५ टक्के घट होईपर्यंत थांबणारा दिवा ‘हवा भरायची वेळ झाली’ असे सांगत नाही. वेळ केव्हाच टळून गेली असे सांगतो. तेव्हा दिव्यावर विसंबून महिन्याची तपासणी सोडणे हेही तितकेच चूक. डोळ्यांवर विसंबण्यात तर काहीच अर्थ नाही. आजचे रेडियल टायर पुरेशी हवा असतानाही खाली थोडे फुगलेले दिसतात. पाव हिस्सा हवा गेली तरी पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. लाथ मारून टायर पाहणाऱ्या अनुभवी मंडळींनाही नाही.

मग करावे काय? रीत सोपी आहे. गाडी निदान तीन तास उभी असावी, कारण चालून आलेल्या टायरची हवा तापलेली असते आणि काटा खोटा आकडा दाखवतो. तापलेल्या टायरचा आकडा वर दिसला म्हणून हवा काढून टाकू नये. किती हवा भरायची हे बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असते. टायरच्या कडेवर कमाल दाबाचा आकडा छापलेला असला तर तो मर्यादेचा असतो, भरण्याचा नव्हे. चारही चाके मोजावीत, आणि गाडीत स्टेपनी असेल तर तीही. कमी असेल तेथे भरावी. दुसऱ्या दिवशी त्याच चाकात पुन्हा कमी भरली तर पंक्चर आहे किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे; पंक्चरवाला साबणाच्या पाण्याने ते क्षणात दाखवतो. हे सगळे झाल्यावर, आणि टायर नवे टाकल्यावर किंवा चाकांची अदलाबदल केल्यावरही, आपल्या गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बटण दाबावे. चाकात संवेदक असलेल्या कित्येक गाड्यांत तर बटणाचीही गरज नसते. हवा भरून थोडे अंतर गेले की दिवा आपणहून विझतो. हवा भरून, नोंद करून, गाडी चालवूनही तो विझला नाही, तर दोष यंत्रणेत आहे आणि गाडी जाणकाराला दाखवावी.

‘पण हे मोठ्या देशांचे प्रश्न, आपल्याकडे याचे काय?’ असे कोणी म्हणेल. आपल्याकडे तर या दिव्यावरचा भार अधिकच वाढला आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक दुरुस्ती झाली. त्यानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींत ट्यूबलेस टायर, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनी बाळगण्याची सक्ती राहिलेली नाही. जागा वाचते, वजन वाचते, हे खरे. पण याचा अर्थ असा की, पाचव्या चाकाच्या जागी कायद्याने या दिव्याला जामीन म्हणून उभे केले. अशा गाडीत हवा न भरता दिवा विझवणाऱ्याजवळ स्टेपनीही नाही आणि जामीनही नाही.

रस्तेही आता पूर्वीचे राहिले नाहीत. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो संपूर्ण झाला. सपाट भागात मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. जुन्या रस्त्यावर गाव येई, फाटक येई, चहाची टपरी येई. टायरला निवायला वेळ मिळे. विदर्भाच्या उन्हाळ्यात काँक्रीटवर तासन् तास एका वेगाने धावणाऱ्या टायरला तो मिळत नाही. अठ्ठावीस पौंडांवर गावातल्या गावात निभावून जाईल; तेथे निभावेलच असे नाही.

आणि या सगळ्यात सही करतो कोण? बहुतेक वेळा गाडीचा मालक नव्हे. भाड्याच्या गाडीचा चालक करतो. त्याला पहाटे चारला प्रवासी घ्यायचे असतात. मागे बसलेला विचारतो, ‘अहो, हा पिवळा दिवा कसला?’ मालक फोनवर सांगतो, ‘तो दिवा घालवून टाक, गिऱ्हाईक उगाच घाबरते.’ हवा बघायला थांबलो तर उशीर होईल, उशीर झाला तर बोलणी खावी लागतील, या पेचात तो बटण दाबतो. त्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. जो माणूस दिवा घालवायला सांगतो, खरी सही त्याची असते. बोट फक्त दुसऱ्याचे वापरले जाते. मागे बसणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की, ‘काका, दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल, हवा बघून घ्या,’ एवढे एक वाक्य त्या चालकाला मोठा आधार देते.

येथे आपल्या शाखेचा प्रश्न येतो. गाडीबरोबर मिळणारी जाड पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि ती हातमोज्यांच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पडून राहते. ज्याने ती वाचायची, त्या चालकाला आणि पंक्चरवाल्याला तिचा उपयोग नाही. त्यांच्यापर्यंत ‘रीसेट’ एवढा एकच शब्द पोचतो. या शब्दाचा सरळ अर्थ ‘पुन्हा पूर्वीसारखे करणे’. पण बटण दाबून पूर्वीसारखे काहीच होत नाही. शासकीय परिभाषेत कोणी त्याला ‘पुनःस्थापन’ म्हणेल; त्याने कोणाचे भले होणार नाही. मला वाटते, ‘दाबाची नोंद करणे’ असे साधे म्हणावे. ‘दिवा घालवला’ असे म्हणणाऱ्याला हवा आठवत नाही. ‘नोंद केली’ असे म्हणणाऱ्याला कोणीतरी नक्कीच विचारील, ‘किती पौंडांची?’ आणि तो प्रश्न विचारला जाणे हीच अर्धी सुरक्षितता आहे. शब्द नीट निवडला तर माणूस नीट वागू लागतो असा माझा भाबडा दावा नाही. पण चुकीचा शब्द माणसाला चुकीच्या कामाला लावतो, हे मात्र खरे.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे. दरवर्षी जानेवारीत रस्तासुरक्षेच्या घोषणा लिहिलेले फलक घेऊन आपण फेरी काढतो. ‘अति घाई, संकटात नेई’ हे आता लोकांना पाठ झाले आहे. पाठ झालेले कोणी वाचत नाही. त्याऐवजी गावातील प्रत्येक पेट्रोल पंपावर, जेथे हवा भरतात तेथे, आणि प्रत्येक पंक्चरच्या दुकानात एक मराठी पाटी लावू या. पाच ओळी पुरेत : टायर गार असताना हवा मोजा. दारावरचा आकडा पाहा. चारही चाके आणि स्टेपनी भरा. मगच दाबाची नोंद करा. दिवा पुन्हा लागला तर चाक तपासा. मराठीच्या विद्यार्थ्यांनी मजकूर तपासावा, हस्ताक्षर चांगले असणाऱ्यांनी लिहावा, आणि मुख्य म्हणजे लावण्यापूर्वी तो एखाद्या पंक्चरवाल्याला वाचून दाखवावा. त्याला समजला तरच तो बरोबर.

आपल्याकडे जुनी म्हण आहे, कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. आजीच्या तोंडून ऐकताना ती आपल्याला गमतीची वाटते. टायरमधल्या हवेला ती अक्षरशः लागू पडते. दिवा विझवणे वाईट नव्हे. शेवटी तो विझलाच पाहिजे. फक्त तो हवा भरल्यामुळे विझावा. यापुढे आपल्यापैकी कोणी गाडीत बसला, पुढे तो पिवळा नाल उमटला आणि कोणी बटणाकडे हात नेला, तर एवढेच विचारावे : ‘किती पौंड आहे?’ उत्तर आकड्यात मिळाले तर खुशाल बटण दाबू द्यावे. आकड्यात मिळाले नाही, तर गाडी आधी पंपाकडे वळवायला सांगावी.